वाचक विचारतात : नेमका कोणता क्षार?

या महिन्याच्या टपालात सहा पत्रांत 'क्षार' हा शब्द आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. एका क्षेत्रातला अर्थ दुसऱ्यात लावल्यामुळे काहींचे पैसेही गेलेत. म्हणून सहाही पत्रं एकाच अंकात घेतली. शेतीचं उत्तर लांबलंय. सांगली जिल्ह्यात ते लांबणारच.

प्रश्न : कृष्णाकाठच्या आमच्या दोन एकर उसात पांढरा थर फुटतो. 'क्षारीय मिट्टी'वरचा हिंदी व्हिडिओ बघून एकरी दोन टन जिप्सम टाकलं. दोन हंगाम झाले, फरक शून्य. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.1, ईसी (विद्युत वाहकता) 2.6 आणि विनिमय सोडियम 7 टक्के आलाय. जिप्सम भेसळीचं होतं का?
— एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : भेसळ असेलही, पण तुमच्या जमिनीला शुद्ध जिप्समनंही फरक पडला नसता. हिंदीत 'क्षारीय' म्हणतात ती आपली चोपण जमीन. तिच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि जिप्सम तो हटवतं. आपण जिला क्षारयुक्त म्हणतो ती हिंदीत 'लवणीय'. अशा जमिनींवर संशोधन करणाऱ्या कर्नालच्या केंद्रीय संस्थेच्या हिंदी नावातही 'मृदा लवणता' हेच शब्द आहेत. त्या व्हिडिओतला सल्ला चोपण जमिनीसाठी बरोबर होता. तुमची जमीन चोपण नाही. भर म्हणजे आपल्याकडे बोलताना या दोन्हींना आणि त्यांच्या मिश्र प्रकारालाही सरसकट 'क्षारपड' म्हणतात, त्यामुळे दुकानदारही विचारत नाही आणि शेतकरीही सांगत नाही.

प्रकार तीन आकड्यांवरून ठरतो. विरघळलेले क्षार ईसी दाखवते. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम विनिमय सोडियमच्या टक्केवारीत दिसतो. तिसरा आकडा सामूचा. संपृक्त, म्हणजे पाण्यानं पूर्ण भरलेल्या मातीच्या अर्कात ईसी 4 डेसिसायमन्स प्रति मीटरच्या वर, सोडियम 15 टक्क्यांच्या आत आणि सामू 8.5 च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. ईसी 4 च्या आत, सोडियम 15 च्या वर आणि सामू 8.5 च्या वर असेल तर चोपण. ईसी आणि सोडियम दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त-चोपण.

इथे एक खाच आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ईसी काढतात. पाणी जास्त, म्हणून आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो. तुमचा 2.6 हा त्या पद्धतीचा असेल, तर 'चारच्या आत आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. ती जमीन चांगलीच क्षारयुक्त आहे. संपृक्त अर्काच्या मापानं ऊस 1.7 च्या पुढेच उत्पादनात मार खायला लागतो. अहवालावर पद्धत छापलेली नसेल तर प्रयोगशाळेला विचारून घ्या.

घरच्या घरी पडताळा घ्यायचा तर हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता दोन तास ठेवा. ढेकळाभोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर सोडियमचा जोर आहे. ढेकूळ विरघळून खाली बसलं, पण पाणी नितळ राहिलं, तर क्षारयुक्ताची शक्यता जास्त. बोअरच्या पाण्यात ही परीक्षा करू नका, त्यातले क्षार गढूळपणा दाबून टाकतात. जमिनीचा रंगही काही सांगतो. पांढरा, भुसभुशीत थर बहुधा क्लोराइड-सल्फेटचा असतो. काळपट, तेलकट दिसणारे डाग हे सोडियम कार्बोनेटमुळे सेंद्रिय पदार्थ विरघळल्याचं चिन्ह.

तुमच्या जमिनीला निचरा हवा. सच्छिद्र पाइप साधारण एक ते सव्वा मीटर खोलीवर घालतात. दोन ओळींतलं अंतर माती किती पाझरते यावर ठरतं, शेजाऱ्यानं किती ठेवलं यावर नाही. पाणी बाहेर पडायला नाला किंवा मुख्य चर खालच्या पातळीवर हवा, म्हणून हे काम एकट्याच्या दोन एकरांत क्वचितच नीट होतं. निचरा चालू झाला की मगच क्षार धुवायचे. वरच्या 30 सेंटिमीटर थरातले बहुतांश क्षार खाली न्यायला जवळपास तेवढंच, म्हणजे 30 सेंटिमीटर पाणी मातीतून जावं लागतं. एकरी सुमारे 12 लाख लिटर. ते एकदम साठवण्यापेक्षा थांबून थांबून दिलं तर कमी पाण्यात भागतं. निचऱ्याआधी धुवायला गेलात, तर पाण्याची पातळी वर येईल आणि उन्हाळ्यात तेच क्षार केशाकर्षणानं पुन्हा माथ्यावर येतील. तोवर लागण वरंब्याच्या माथ्यावर करू नका, क्षार तिथेच गोळा होतात.

क्षारयुक्त-चोपण जमिनीत क्रम चुकला तर नुकसान मोठं. जिप्समशिवाय नुसतं पाणी सोडलं तर विरघळणारे क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतो, कण फुटून पसरतात आणि माती सिमेंटसारखी बसते. तिथे जिप्समचा हिशोब असा : 100 ग्रॅम मातीमागे 1 मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला, 15 सेंटिमीटर खोलीसाठी, एकरी सुमारे 0.78 टन शुद्ध जिप्सम लागतं. समजा मातीची विनिमय क्षमता, म्हणजे सोडियम-कॅल्शियम धरून ठेवण्याची ताकद, 100 ग्रॅमला 50 मिलिइक्विव्हॅलंट आहे आणि सोडियम 22 वरून 10 टक्क्यांवर आणायचाय, तर 6 मिलिइक्विव्हॅलंट हटवायचे. म्हणजे एकरी 4.7 टन, आणि माल 80 टक्के शुद्ध असेल तर 5.9 टन. निम्मं पहिल्या वर्षी टाकून पुन्हा तपासणी करा. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून वरच्या 10–15 सेंटिमीटरमध्येच मिसळा. खोल नांगरून पुरू नका. मातीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं, 1 टन जिप्समऐवजी साधारण 190 किलो. मात्र जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला ओल आणि काही आठवडे लागतात.

प्रश्न : शाळेत आम्ही 'आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी' शिकवतो. स्पर्धा परीक्षेच्या हिंदी पुस्तकात मात्र 'क्षार' म्हणजे आम्लाच्या विरुद्ध पदार्थ. मुलं भांडतात. कोण बरोबर?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : दोघंही, आपापल्या पुस्तकात. हिंदी पुस्तकात आम्लाच्या विरुद्ध तो क्षार आणि मीठवर्गीय पदार्थ म्हणजे लवण. मराठी पाठ्यपुस्तकात आम्लाच्या विरुद्ध ती आम्लारी आणि मीठवर्गीय पदार्थ म्हणजे क्षार.

जुना अर्थ हिंदीच्या बाजूचा. सुश्रुतसंहितेत 'क्षरण' करणारा, म्हणजे झिजवणारा, तो क्षार. तो वनस्पतींच्या राखेतून काढत. त्या क्षारात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि गोंधळाचं मूळ या एका पदार्थात सापडतं. कार्बोनिक आम्लाचा म्हणून तो आजच्या व्याख्येनं क्षारच, पण त्याचं द्रावण आम्लारीधर्मी. राखेतून एकच पांढरी पूड मिळत असे, तोवर दोन नावांची गरजच नव्हती. युरोपातही 'अल्कली' हा शब्द अरबीतल्या राखेच्या शब्दावरूनच आला, आणि 'बेस' ही वेगळी कल्पना फ्रेंच रसायनज्ञ रुएलनं 1754 मध्ये मांडली.

वर्गात दाखवायला आपल्या भागात हळदीइतकं स्वस्त साधन नाही. हळद पाण्यात कालवून गाळणकागदावर फासा आणि वाळवा. त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला तर कागद पिवळाच राहतो. पापडखाराच्या पाण्यानं तो तांबडा होतो. चुन्याच्या निवळीनंही तांबडा. मीठ हा क्षार, पण आम्लारी नाही, चुना आम्लारी, पण क्षार नाही, पापडखार दोन्ही. लोणारच्या सरोवराचं पाणी खारटही आहे आणि आम्लारीधर्मीही, तेही उदाहरण सांगता येईल.

प्रश्न : बोअरच्या पाण्यातले क्षार काढायला सॉफ्टनर बसवला. टीडीएस मीटरवर आधीही 900 आणि नंतरही 900! मशीन बदलून मागावं का? शिवाय कुंड्यांतली झाडं सुकायला लागलीत.
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : मशीन ठीक असावं. घरगुती बोलीत 'क्षार' म्हणजे गिझरच्या कॉइलवर बसणारा दगड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, म्हणजे पाण्याची कठीणता. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ; त्याचा मीटर कठीणता मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका ठरीव गुणकानं गुणून आकडा दाखवतो. सॉफ्टनर एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम सोडतो, म्हणून आकडा हलत नाही, कधी किंचित वाढतोही. पडताळायचं असेल तर कठीणता तपासायचं किट वापरा किंवा साबण घासून पाहा. मऊ पाण्यात थोड्याच साबणाला भरपूर फेस येतो. पिण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000. कठीणतेसाठी 200 आणि 600. हे दोन वेगळे आकडे आहेत. टीडीएस कमी करायला आरओच लागतो.

कुंड्यांना सॉफ्टनरचं पाणी घालू नका. सोडियमनं कुंडीतली माती बसते; वाळव्याच्या उत्तरातल्या चोपण जमिनीचीच गोष्ट, छोट्या मापात. सॉफ्टनरच्या अलीकडून एक नळ काढून घ्या.

प्रश्न : ठिबकचे ड्रिपर पांढऱ्या क्षारानं चोंदलेत. आम्ल प्रक्रिया केली, निम्मेच सुटले. आम्ल वाढवू का?
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : आधी ड्रिपर कापून आतला थर बघा. त्यावर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले तर तो कार्बोनेट, आम्लानं सुटतो. बुडबुडे नाहीत आणि थर कडक-पांढरा असेल, तर कॅल्शियम नायट्रेट आणि झिरो-झिरो-पन्नास (पोटॅशियम सल्फेट) किंवा मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत गेलं होतं का ते आठवा. त्यातून जिप्समच तयार होतं आणि ते आम्लाला फारसं दाद देत नाही. ते ड्रिपर बदलावे लागतात. बारा-एकसष्ट या फॉस्फेटच्या खताबरोबर कॅल्शियम नायट्रेट गेलं तर फॉस्फेटचा साका होतो. तो आम्लात सुटतो, पण बुडबुडे येत नाहीत. बुळबुळीत थर हा क्षारच नव्हे, ते शेवाळ-जिवाणू. त्याला क्लोरीन लागतं. क्लोरीन आणि आम्ल एकत्र कधीही नको, विषारी वायू निघतो.

आम्लाचं प्रमाण अंदाजानं ठरवू नका. विहिरीचं 10 लिटर पाणी घेऊन त्यात सिरिंजनं थोडं थोडं आम्ल घाला आणि सामू 4 येईपर्यंत किती मिली लागलं ते लिहा. समजा 8 मिली लागलं, प्रवाह ताशी 6000 लिटर आहे आणि 15 मिनिटं सोडायचंय, तर 1500 लिटरला 1.2 लिटर आम्ल. पाणी शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोहोचलं की पंप बंद करा, रात्रभर ठेवा आणि सकाळी लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं उघडून फ्लश करा. टोकं न उघडता पंप लावला तर सुटलेला गाळ पुढच्या ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. 'निम्मेच सुटले' याचं ते नेहमीचं कारण. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

प्रश्न : भगंदरासाठी क्षारसूत्र सुचवलंय. मला रक्तदाबामुळे क्षार वर्ज्य आहे. चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हाला वर्ज्य आहे ते सोडियम, जेवणातून पोटात जाणारं. क्षारसूत्र म्हणजे औषधी लेप दिलेला दोरा; त्यातला क्षार म्हणजे आघाड्याच्या राखेतून काढलेला दाहक पदार्थ. प्रचलित पद्धतीत दोऱ्याला निवडुंगाच्या चिकाचे 11 लेप, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे 7, शेवटी चीक आणि हळदीचे 3, असे 21 लेप देतात. तो जागेवर राहून भगंदराची पोकळ वाट हळूहळू कापतो. मिठाच्या पथ्याशी त्याचा संबंध नाही. रक्तदाब आणि त्याची औषधं शल्यवैद्यांना सांगा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. पथ्यात खरं मोजायला हवं ते पापड, लोणचं आणि खाण्याचा सोडा. सोडा खारट लागत नाही, पण त्यात सोडियम आहे.

प्रश्न : आईचे (वय 74) क्षार कमी झाले म्हणून मिरजेत दाखल केलं होतं. आता घरी आणलंय. जलसंजीवनी आणि जास्त मीठ देत राहू का? शेजारी म्हणतात, पालेभाज्यांत क्षार असतात.
— एक वाचक, मिरज

उत्तर : डिस्चार्ज कार्डावर कोणता क्षार ते बघा. दवाखान्यात 'क्षार' म्हणजे रक्तातले सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड वगैरे. सोडियम सामान्यतः 135 ते 145 आणि पोटॅशियम 3.5 ते 5 मिलिमोल प्रति लिटर. पालेभाज्यांतले 'क्षार' म्हणजे लोह, कॅल्शियमसारखी खनिजं. त्यानं सोडियम भरून येत नाही.

वयस्कर माणसात सोडियम कमी होण्याचं कारण कित्येकदा मिठाची कमतरता नसून शरीरात पाणी जास्त साठणं हे असतं. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी हेही नेहमीचं कारण. पहिल्या बाबतीत जास्त पाणी प्यायला देणं घातक, दुसऱ्यात गोळी बदलावी लागते. म्हणून मीठ किती, पाणी किती आणि कोणती गोळी बंद, हे तिन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या. जलसंजीवनी जुलाब-उलट्यांसाठी आहे. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटर पाण्यातच, त्यात 2.6 ग्रॅम मीठ आणि 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणून अर्ध्या लिटरात घट्ट करून देऊ नका. बाजारातल्या 'कमी सोडियमच्या' मिठात बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते घरात आणू नका. आई गुंगीत वाटली, बोलणं असंबद्ध झालं किंवा झटका आला तर मीठ-पाणी पाजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा आणि मागचा सोडियमचा आकडा असलेला कागद बरोबर न्या.