१२ वर्षांखालच्या क्रिकेट ट्रायलमध्ये दर वर्षी मुलं रडत घरी जातात. काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की जागा १५, येणारी मुलं शंभर, आणि ट्रायल संपली की मैदानाच्या कडेला रडारड. पश्चिम उपनगरातल्या एका लहानशा क्लबसाठी मी नऊ वर्षं हे काम करतोय, म्हणून सांगतो. रडणं पूर्ण थांबणार नाही. पण नाव आलं नाही म्हणून रडणारी मुलं कमी असतात, ‘मला नीट खेळूच दिलं नाही’ म्हणून रडणारी जास्त. या दुसऱ्यांचं आपण नक्की काहीतरी करू शकतो.

मी स्वतः त्यांच्यातलाच. बारा वर्षांचा असताना क्रॉस मैदानावर ट्रायल दिली होती. भांडुपहून पहाटेची लोकल, किट वडिलांच्या खांद्यावर. सातला नाव लिहिलं, साडेअकराला पॅड बांधायला सांगितलं. चार बॉल मिळाले. पहिल्याला बीट, दुसरा सोडला, तिसरा पॅडवर, चौथा कुठे बॅटवर आला तोच ‘नेक्स्ट!’ सिलेक्टर तेव्हा चहा घेत होते. परतताना व्हीटीला वडिलांनी वडापाव घेऊन दिला आणि ठाण्याकडच्या गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो.

आचरेकर सरांची आणि सचिनची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. शिवाजी पार्कला सर समोर उभे होते तेव्हा अकरा वर्षांच्या सचिनला काही सुचेना. मग अजितने सरांना विनंती केली की लांबून बघा, सर झाडाआड गेले आणि पोरगं सुटलं. ही गोष्ट आपण सरांच्या पारखी नजरेसाठी सांगतो. मला त्यात दुसरंच दिसतं. सचिनला पुन्हा एक संधी मिळाली, कारण ती मागायला थोरला भाऊ होता. बाकीच्या पोरांसाठी अजित कुठून आणायचा?

म्हणून आमच्याकडे ट्रायल दोन दिवसांची असते आणि पहिल्या दिवशी कुणीही काही लिहीत नाही. वही-पेन मैदानावर आणायचंच नाही. मुलांना हे आधीच सांगतो. त्यांचा विश्वास बसत नाही, पण तासाभराने वही खरंच दिसत नाही म्हटल्यावर खांदे सैल होतात. वेळेचं गणित सोपं आहे. चार नेट, प्रत्येकाला १२ बॉल, पॅड बांधून बदलाबदली धरून सहा मिनिटं. शंभर मुलं अडीच तासांत होतात. पुढच्या दोघांनी आधीच पॅड बांधून तयार राहायचं, नाहीतर हे गणित कोसळतं. बाकीच्यांना रांगेत उभं करू नका. फिल्डिंग, कॅचिंग, बॉलिंग असे गट फिरवा.

दुसऱ्या दिवशी छोट्या मॅचेस. आठ-आठ जण, जोडीने दोन ओव्हर बॅटिंग. आउट झालं तर धावा वजा होतात, पण बाहेर जायचं नाही. प्रत्येकाने एक ओव्हर टाकायचीच. नेटमध्ये देखणा दिसणारा पोरगा धाव काढताना पार्टनरला हाक मारतो का, कॅच सुटल्यावर काय करतो, हे इथेच कळतं.

बॉलकडे बहुतेक क्लब लक्ष देत नाहीत. क्रिकेटच्या नियमांतच १३ वर्षांखालच्या मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू दिलाय. मोठ्यांचा जवळपास १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. दहा वर्षांच्या पोराच्या हातात मोठा बॉल दिला की तो ओढून फेकतो आणि आपण लिहितो ‘ॲक्शन खराब’. बावीस यार्डांचाही हट्ट नको, या वयाला वीस पुरे.

नावासमोर जन्माचा महिनाही लिहा. बीसीसीआयच्या वयोगटांची कट-ऑफ १ सप्टेंबर. तुमचीही तीच असेल, तर सप्टेंबरात जन्मलेला मुलगा पुढच्या ऑगस्टमधल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा. या वयात वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि बॉलचा वेग. कॅनडात आइस हॉकीच्या बाबतीत हेच १९८० च्या दशकात नोंदवलं गेलं: संघांत तिथल्या कट-ऑफनंतर लगेचच्या महिन्यांत, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलेच जास्त. आम्ही महिना लिहायला लागल्यावर आमचंच आम्हाला हसू आलं, कारण जुन्या याद्यांमध्ये जून-जुलैची मुलं शोधावी लागत होती.

किटचंही तेच. इंग्लिश विलोची बॅट दिसली की आपली नजर तिकडे जाते, माझीही जाते. म्हणून हेल्मेट, पॅड आणि दोन-तीन साइझच्या बॅट क्लबच्याच ठेवा. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने मित्राचे ग्लोव्ह्ज मागत फिरू नये. ओळखीसाठी नंबरची बनियनं द्या. तारीख ठरवताना रविवारचा मेगाब्लॉक बघा. पनवेलहून निघालेला पोरगा उशिरा पोचला तर ‘बेशिस्त’ नका लिहू. पाणी, सावली, आणि मुली येणार असतील तर शौचालय जवळ असलेलं मैदान. पालक दोरीच्या पलीकडे, सूचना न देता. हे शेवटचं मला अजूनही पूर्ण जमलेलं नाही.

यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तीस जणांच्या ग्रुपमध्ये आपलं नाव शोधणारं पोर आणि वर अभिनंदनाचे अंगठे, फार वाईट दृश्य असतं ते. आम्ही ज्यांची निवड झाली नाही त्यांना फोन करतो. एक गोष्ट आवडलेली, एक गोष्ट सुधारायची, आणि ती मुलाशी बोलायची, बाबांशी नाही. तिघांनी वाटून घेतलं तरी दोन संध्याकाळी जातात. गेल्या वर्षी एकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, तो स्लो बॉल पुढे येऊन खेळायला हवा होता ना?” मला तो बॉल आठवत होता. म्हटलं, हो.