रंगमंच : शंका आणि उत्तरं

प्रश्न : आमचं मंडळ 'मोरूची मावशी' करतंय. मूळ इंग्रजी फार्स कोणता? आणि तो मराठीत यायला इतकी वर्षं का लागली? (मिरज)

उत्तर : मूळ नाटक ब्रँडन थॉमस यांचं 'चार्लीज आंट'. पहिला प्रयोग बरी सेंट एडमंड्स या गावी २९ फेब्रुवारी १८९२ रोजी झाला. त्याच डिसेंबरात ते लंडनला आलं आणि सलग १,४६६ प्रयोग चाललं. चार्लीची आंट वेळेवर येत नाही म्हणून एक मित्र तिचं सोंग घेतो, ही त्याची गोष्ट. त्यातल्या जॅक या चार्लीच्या मित्राचे वडील हिंदुस्थानातल्या नोकरीतून परतलेले कर्नल आहेत, डोक्यावर कर्ज घेऊन. पैसा आहे तो ब्राझीलच्या विधवा आंटकडे. आचार्य अत्र्यांचं रूपांतर १९४७चं.

इंग्रजी विनोदी नाटकं मात्र आपल्याकडे फार आधीपासून येत होती. कलकत्त्यात १७९५ मध्ये लेबेदेव या रशियन गृहस्थाने 'द डिसगाइज' बंगालीत केलं, तेव्हाच स्पेनमधली गोष्ट उचलून आपल्या मातीत आणली होती. पुढे मराठीत पौराणिक खेळ आटोपला की शेवटी फार्स लावायची रीतच पडली. तुमच्या जवळच्या हरिपूरच्या गो. ब. देवलांनी आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग'वरून 'फाल्गुनराव' लिहिलं ते १८९३ मध्ये, लंडनला आंट जोरात चालू असताना. तेच पुढे 'संगीत संशयकल्लोळ' झालं.

मग मावशीच का अडली? आमच्या मते, स्त्रीपार्टामुळे. पुरुषाने लुगडं नेसलं की हसायचं, हा या फार्सचा पाया. स्त्रीभूमिका करणाऱ्या नागठाण्याच्या बालगंधर्वांना शालूत पाहून ज्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, त्यांना त्यात हसण्यासारखं काय दिसणार? रंगमंचावर सगळ्याच बायका पुरुष असतील तर खोटी बाई ओळखायची कशी? १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांनीच स्त्रियांच्या भूमिका केल्या. तो पायंडा रुळल्यावरच हा विनोद मराठीत उभा राहू शकला.

नात्याची निवडही बघा. इंग्रजी 'आंट' म्हणजे आत्या, काकू, मामी, काहीही. पण 'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेत लाड करणारी पाहुणी मावशीच हवी. आत्या आली असती तर मानपान आले असते.

प्रश्न : मावशीचा वेश झटपट बदलताना फजिती होते. उपाय? (सातारा)

उत्तर : मूळ पात्र पँटवरच घोळदार झगा चढवतं; झग्यात पँट आणि बूट दोन्ही झाकले जातात. नऊवारीत तसं होत नाही. कासोट्यामुळे पोटरी उघडी पडते आणि पँटची मोहोरी डोकावते. म्हणून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रुंद इलॅस्टिकमध्ये अडकवा, किंवा आत अर्धी विजारच घाला. नऊवारी शिवलेली घ्या, कमरेला नाडी आणि वर पँटचे मोठे हूक. व्हेल्क्रो टाळा, विंगेत काढताना होणारा 'चर्र' आवाज पहिल्या चार रांगांना ऐकू जातो. पोलकं पाठीमागून उघडणारं असावं, म्हणजे नट हात पुढे करून उभा राहील आणि मागून दुसरा माणूस हूक लावेल. पदर खांद्यावर टाक्याने पक्का करा. सेफ्टी पिन घाईत उघडते आणि टोचते. अंबाडा विगलाच शिवून घ्या.

विंगेत मदतीला दोघं लागतात, एक कमरेपासून खाली आणि दुसरा वर. तिसरा आला की हात एकमेकांत अडकतात. लुगडं पहिल्या तालमीपासून नेसवा, नाहीतर प्रयोगात नटाचं पाऊल आखडतं.

आणि कृपा करून मावशीला गोड गळा, लचकती चाल देऊ नका. नट चांगली बाई वठवायला लागला की फार्स मेला. पाय फाकून बसणं, मग आठवण होऊन गुडघे जुळवणं, यात सगळी मजा आहे.

टोपीत चहा ओतण्याची जुनी गंमत करणार असाल, तर टोपीत स्टीलचा छोटा डबा बसवा आणि चहा अर्धा कपच, थंड, बिनसाखरेचा ठेवा. साखरेने फळ्या चिकट होतात आणि पुढच्या पळापळीत चप्पल अडकते.

प्रश्न : परवानगी लागते का? (कराड)

उत्तर : लागते. थॉमस १९१४ मध्ये वारले, त्यामुळे इंग्रजी मूळ खुलं आहे आणि त्यावरून स्वतःचं नवं रूपांतर तुम्ही करू शकता. अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले. आपल्या कायद्याची ६० वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या संहितेचा हक्क ३१ डिसेंबर २०२९पर्यंत आहे. हक्कदारांची लेखी संमती आधी घ्या, मगच नाट्यगृहाची तारीख.