पाच वर्षांची वॉरंटी, पण तक्रारीला दोनच वर्षे

गोडोली, सातारा येथील एका वाचकाचे पत्र आहे. गाडी 2012 ची, रोज सातारा ते कऱ्हाड आणि परत. 2022 च्या दसऱ्याला पुण्यातल्या एका डिटेलिंग स्टुडिओतून (गाडी घासून-पुसून चकचकीत करणारे दुकान) सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंग जपणारा पातळ थर, करून घेतले. 18,500 रुपये दिले, पाच वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड मिळाले. पुढच्या पावसाळ्यात बॉनेटवर निस्तेज पट्टे दिसू लागले. स्टुडिओने डिसेंबर 2023 मध्ये बॉनेट पुन्हा घासून, कोटिंग मारून दिले, पैसे घेतले नाहीत. 2024 च्या पाडव्याला, म्हणजे 9 एप्रिलला, गाडी धुताना तेच पट्टे पुन्हा दिसले आणि त्याच दिवशी फोटो व्हॉट्सॲपवर गेला. त्यानंतर दीड वर्ष ‘बघतो’, ‘पुढच्या आठवड्यात फोन करा’. अखेर नोव्हेंबर 2025 मध्ये उत्तर आले: दर सहा महिन्यांनी आमच्याकडे मेंटेनन्स वॉश केला नाही, त्यामुळे वॉरंटी रद्द. वाचक विचारतात, वॉरंटी 2027 पर्यंत आहे, तर आधी नोटीस पाठवून दोन-तीन महिने वाट पाहू का?

वाट पाहू नका. तुमचे सगळे प्रकरण एका तारखेवर उभे आहे आणि ती जवळ आली आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगापुढे यावे लागते. वॉरंटी किती वर्षांची आहे, याचा या दोन वर्षांशी संबंध नाही. इन्व्हर्टरची बॅटरी असो, फ्रीज असो की गच्चीचे वॉटरप्रूफिंग, मला येणाऱ्या पत्रांत हीच गल्लत असते: कार्डावर पाच वर्षे लिहिली म्हणजे भांडायलाही पाच वर्षे आहेत. तसे नाही.

कारण कधी घडले? पट्टे पहिल्यांदा दिसले 2023 मध्ये. तिथून मोजले तर मुदत केव्हाच संपली. तुम्हाला तारते ते डिसेंबर 2023 चे फुकट काम. जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, स्टुडिओने स्वतःच्या हाताने ‘वॉरंटीमध्ये, विनामूल्य’ असे लिहिले आहे. माझ्या मते त्यांनी तिथे जबाबदारी मान्य केली आणि त्या कामाचा हिशेब तेव्हापासून नव्याने सुरू झाला. ते काम फसल्याचे तुम्हाला कळले 9 एप्रिल 2024 ला. म्हणजे दोन वर्षे 9 एप्रिल 2026 ला पुरी होतात. नोव्हेंबरच्या नकारापासून मोजा, असा युक्तिवाद मीही पर्यायी म्हणून मांडेन, पण केवळ त्याच्या भरवशावर कोणाला बसू देणार नाही. 2026 चा पाडवा 19 मार्चला आहे. त्याच्या आत तक्रार दाखल झालेली असू द्या.

वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. व्हॉट्सॲपवर बोलणी चालू होती म्हणूनही वाढत नाही. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण पुरेसे कारण दाखवावे लागते आणि ‘ते उद्या करतो म्हणत होते’ हे कारण पुरेसे धरले जाईल याची खात्री मी देणार नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही, तर? तरीही आयोगाला तो स्वतःहून पाहावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीज या प्रकरणात, जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाखाली, हे स्पष्ट सांगितले आहे. नोटीस पाठवायचीच असेल तर आजच स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवस द्या आणि तेवढ्यात तक्रार लिहून तयार ठेवा.

आता पुरावा. इथे मला तुमचा राग येतो, आणि तो लपवत नाही. दहा हजार यूपीआयने दिले, साडेआठ हजार रोख दिले आणि बिल मागितले नाही! कार्ड ग्लोव्हबॉक्समध्ये टाकले ते नकार आल्यावर वाचले. कोटिंगच्या आधीचा एकही फोटो नाही. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ती त्यांच्या माथी मारता येईल, पण साडेआठ हजार दिले हे सिद्ध कशाने करणार? कार्डावर रक्कम लिहिली आहे का, ते आधी पाहा.

तुम्ही पाठवलेला बॉनेटचा जवळून काढलेला फोटो मात्र बोलका आहे. पट्टे बॉनेटच्या उठावदार रेषेवरून सरळ गेले आहेत. मशिनचे पॅड नेमके अशा कडेवर जास्त कापते. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा. पण त्याआधी ओरखडे काढायला जे बफिंग करतात, ते मूळ क्लिअर कोटच, म्हणजे रंगावरचा कंपनीचा पारदर्शक थरच, खरवडते. दहा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा क्लिअर कोट आधीच झिजलेला असतो. म्हणून जाणकार माणूस मशिन लावण्यापूर्वी प्रत्येक पॅनेलवर जाडी मोजायचा गेज टेकवतो. तुमच्या जॉबकार्डवर एकही आकडा नाही. सेवेतील त्रुटी म्हणून मी हीच गोष्ट पुढे ठेवेन.

छताचे वेगळे आहे. तिथे पांढरी सालपटे निघत आहेत; ते उन्हाने मेलेल्या क्लिअर कोटचे लक्षण आहे आणि कोणतेही कोटिंग ते थांबवत नाही. छताची मागणी तक्रारीत घालू नका. घातलीत तर जाबदार, म्हणजे स्टुडिओ, म्हणेल, सगळी गाडीच म्हातारी होती, आणि बॉनेटचा मुद्दा त्यात बुडेल.

साताऱ्यातल्या एखाद्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून बॉनेट, दरवाजे आणि डिकीवर गेजची मापे घ्या आणि सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. रेषेवरचा आकडा बाजूच्या सपाट भागापेक्षा ठळकपणे कमी आला, तर तुमची बाजू उभी राहते. सारखाच आला तर प्रकरण कमजोर आहे, हे आत्ताच सांगतो. तोवर बॉनेटला पॉलिश लावू नका.

सहा महिन्यांच्या वॉशची अट? डिसेंबर 2023 मध्येही तुम्ही एकही वॉश केलेला नव्हता. तेव्हा त्यांनी अट काढली नाही, काम करून दिले. हे तक्रारीत ठळक लिहा. आयोग ते किती मानेल, हे सांगता येत नाही.

कार्डावरच्या ‘वाद पुणे न्यायकक्षेत’ या ओळीला घाबरू नका. कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे साताऱ्यातच. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने फी नाही. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

मिळेल किती? भरलेली रक्कम, थोडे व्याज, त्रासापोटी काही हजार, इतकीच अपेक्षा धरा. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारीख पे तारीख चालते आणि लोक अठरा हजारांसाठी दमून घरी बसतात. ही माझ्या व्यवसायाची रोजची खंत आहे.

आणि शेवटी, पत्रात जाता जाता लिहिले आहे की फोन एक्स्चेंजमध्ये देणार आहात. देऊ नका. पाडव्याचा तो फोटो, त्याची तारीख आणि त्यांची उत्तरे त्याच फोनमध्ये आहेत. प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडायचे आहे, आणि मूळ चॅट दाखवा म्हटले तर तोच फोन पुढे करावा लागेल.