पाटी नवी, पण खोली कुठली?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. मार्चमध्ये आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत म्हणून मी आणि भावाने त्यांना मुंबईत एका भारी हॉटेलात दोन रात्री ठेवायचं ठरवलंय. जे हॉटेल बघितलंय त्याचं नाव हल्लीच बदललंय, आधी वेगळ्या कंपनीचं होतं आता मोठ्या परदेशी ब्रँडची पाटी लागलीय. फोटो एकदम चकाचक, पण गूगलवर रिव्ह्यू बघितले तर काही पार 2019 चे आणि त्यात लोकांनी कुबट वासाबद्दल लिहिलंय. भाडं 9,500 प्लस टॅक्स सांगतायत. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाणार आहेत दोघं. बाबा पहिल्यांदाच असल्या ठिकाणी राहणार, पैसे जातील त्याचं एवढं नाही पण त्यांचा मूड जायला नको. करू का बुकिंग?

उत्तर : करा, पण आधी एक फोन करा, आणि तो कस्टमर केअरला नाही तर थेट त्या हॉटेलच्या रिसेप्शनला.

असं आहे बघा, या मोठ्या हॉटेलांत बऱ्याचदा इमारत एकाची असते, नाव दुसऱ्याचं असतं, आणि चालवणारा कधीकधी तिसराच असतो. बिल्डर किंवा उद्योगपती मालक, तो ब्रँडवाल्या कंपनीशी करार करतो, करार संपला किंवा फिसकटला की पाटी उतरते आणि दुसरी चढते. नरिमन पॉइंटचं ट्रायडंट घ्या. ते आधी ओबेरॉय टॉवर्स होतं, 2004 मध्ये हिल्टन टॉवर्स झालं आणि 2008 मध्ये ट्रायडंट, आणि या सगळ्यात हॉटेल ओबेरॉयवाल्यांकडेच होतं. पुण्यात स्टेशनजवळचं ल मेरिडियन शेरेटन ग्रँड झालं, पवईचं रेनेसाँ आता वेस्टिन आहे. म्हणजे नाव बदलणं यात संशय घेण्यासारखं काही नाही, धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे.

प्रश्न एवढाच की पाटीबरोबर आत काय बदललं. नवीन ब्रँड आला की तो मालकाला यादी देतो, गाद्या बदला, शॉवर बदला, लॉबी अशी करा. पण सगळं हॉटेल बंद ठेवून काम करणं परवडत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी मजल्यामजल्यानं काम चालतं. आधी लॉबी आणि रेस्टॉरंट, कारण फोटो तिथलेच येतात, मग वरचे मजले, आणि बाकीचे राहतात रांगेत. तोपर्यंत त्याच हॉटेलात, कधीकधी त्याच भावात, एकाला कोरी खोली मिळते आणि दुसऱ्याला जुना गालिचा. मी एका ठिकाणी बघितलंय, दारावर नवीन नाव सोनेरी अक्षरांत, दरवान नवीन ड्रेसमध्ये, आणि बाथरूममध्ये टॉवेलच्या काठाला जुनंच नाव विणलेलं. टॉवेल स्वच्छ होता, त्याचं काही नाही, पण एसी पण त्याच काळातला होता आणि रात्रभर घरघरत होता. पडदे, गाद्या, रंग हे पटकन होतं. पाइपलाइन, लिफ्ट, एसी हे खर्चाचं काम, ते मालक शक्य तेवढं पुढं ढकलतो, आणि कुबट वास बहुतेक वेळा तिथूनच येतो, म्हणजे एसीच्या डक्टमधून किंवा ओल धरलेल्या गालिच्यातून.

म्हणून फोनवर सरळ विचारा, नूतनीकरण झालेले मजले कुठले आणि आमच्या तारखांना त्यातली खोली लेखी देणार का. "लेखी" हा शब्द वापराच. ईमेलवर आलं की चेक-इनच्या वेळी दाखवता येतं, नाहीतर "मॅडम, सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी" हे ठरलेलं उत्तर आहे. दुसरं म्हणजे काम अजून चालू आहे का, स्विमिंग पूल उघडा आहे का, सकाळी ड्रिलचा आवाज कुठल्या बाजूला येतो. हे शेवटचं विचारलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो, त्यावरून काय ते समजा.

रिव्ह्यूचं सांगायचं तर हॉटेलनं नाव बदललं तरी गूगलवरची नोंद बऱ्याचदा तीच राहते, त्यामुळे जुन्या नावाच्या वेळचे शिव्याशाप आणि कौतुक दोन्ही तसंच राहतं. एकूण रेटिंग बघूच नका, "सर्वात नवीन" लावा आणि नाव बदलल्यानंतरचेच वाचा, त्यात पण ज्यांनी मजला किंवा खोलीचा फोटो टाकलाय ते. आणि नुसतं "अमेझिंग स्टे, थँक्स टू अमुक फ्रॉम फ्रंट ऑफिस" असलं असेल तर सोडून द्या, ते बहुतेक चेक-आउटच्या काउंटरवरच लिहून घेतलेलं असतं.

तारे हा आणखी एक घोळ. पंचतारांकित हा दर्जा ब्रँड देत नाही, केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती तपासणी करून देते, तो 5 वर्षांसाठी असतो आणि त्यासाठी अर्ज करणं हॉटेलच्या मर्जीवर असतं. बुकिंगच्या ॲपवर दिसणारे तारे म्हणजे तो दर्जा असेलच असं नाही.

आता पैसे. एका दिवसाचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर गेलं की 18 टक्के, आणि तो वरच्या रकमेवर नाही, सगळ्या भाड्यावर. म्हणजे तुमचे 9,500 हे 11,210 होणार एका रात्रीचे. तेच 7,500 ला मिळालं तर 7,875. आणि 7,501 लावले की झाले 8,851, एका रुपयापायी जवळपास हजाराचा फरक. भाव रोज हलत असतो म्हणून तारखा एकदोन दिवस मागेपुढे करून बघा. ऑफिसच्या भागातली हॉटेलं, बीकेसी, अंधेरी वगैरे, तिथं शनिवार-रविवारी कंपन्यांची गर्दी नसते तेव्हा बऱ्याचदा स्वस्त पडतं. लग्नाचा वाढदिवस बुधवारी असला तरी आईबाबा शनिवारी गेले तर काय बिघडतंय. हां, भाडं साडेसात हजारांच्या वर जाणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर पण साधारण 18 टक्केच लागतो, म्हणून नाश्ता धरून रेट घ्या, त्याला ते सीपी म्हणतात. नुसती खोली म्हणजे ईपी.

आणि महालक्ष्मी! ती सकाळी लवकर सीएसएमटीला टेकते आणि चेक-इन असतं दुपारी दोन-तीनला. हे ठरवलं नाही तर चाळीस वर्षांच्या संसाराचा पहिला सोहळा लॉबीतल्या सोफ्यावर होईल. अर्ली चेक-इन मिळतं का विचारा, काही ठिकाणी फुकट देतात काही ठिकाणी अर्धं भाडं मागतात, नाहीच जमलं तर बॅगा ठेवून घेतात आणि फ्रेश व्हायला सोय करून देतात पण तेही आधी बोलून ठेवायचं. वर्षगाठ आहे हेही सांगून ठेवा, केक आणि वरच्या मजल्याची खोली या दोन गोष्टी मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

एक शेवटचं, बाबांकडे डेबिट कार्ड असेल तर डिपॉझिट त्यावर देऊ नका. क्रेडिट कार्डवर रक्कम नुसती अडवून ठेवतात, डेबिटवर खात्यातून खरंच जाते आणि परत यायला काही दिवस लागतात, तेवढ्यात बाबा बँकेत जाऊन उभे राहतील. ओळखपत्र पण दोघांचं लागतं, आधार देणार असाल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करून प्रिंट द्या सोबत.

प्रश्न : आमच्याकडे नाव बदललेल्या एका हॉटेलच्या जुन्या ब्रँडचे पॉइंट्स आहेत आणि एक गिफ्ट व्हाउचर पण. नाव बदललं म्हणजे गेलं का सगळं? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : पॉइंट्स इमारतीचे नसतात, कंपनीच्या स्कीमचे असतात. पवईसारखं रेनेसाँचं वेस्टिन झालं तर दोन्ही मॅरियटचेच, काही फरक पडत नाही. कंपनीच बदलली असेल तर पॉइंट्स जुन्या कंपनीकडे शाबूत आहेत पण तिच्या दुसऱ्या हॉटेलात वापरायचे. व्हाउचरवर कोणाचं नाव छापलंय ते बघा, ब्रँडचं असेल तर ब्रँडकडे जा, हॉटेल चालवणाऱ्या मालक कंपनीचं असेल तर नवीन पाटीखाली पण मागा, नाही म्हणाले तर तो नकार लेखी मागा. बुकिंग आधीच केलं असेल तर नवीन नावाचं कन्फर्मेशन मागवून घ्या, जुन्या भावासकट.

प्रश्न : बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला. काढायला सांगितलं तर मॅनेजर म्हणाला ही आमची पॉलिसी आहे. (मिरज)

उत्तर : पॉलिसी त्यांची, मर्जी तुमची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय की हॉटेल किंवा रेस्टॉरंटनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 ला ते उचलून धरलं. शांतपणे काढायला सांगा, नाही काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. वेटरला खूश होऊन शंभर रुपये हातात दिलेत तर ते वेगळं, ते द्याच.

प्रश्न : सासूबाईंना सोबत नेतोय, त्यांना दोन दिवस भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही नाही मिळालं तर त्या सातारला परत जाऊ म्हणतील. एवढ्या मोठ्या हॉटेलात डबा नेला तर अडवतील का? (कराड)

उत्तर : बॅगेतली भाकरी कोण तपासत नाही हो. रेस्टॉरंटमध्ये उघडू नका, खोलीत बिनधास्त खा. दही रूम सर्व्हिसला मागा, ते कुठेही मिळतं, फक्त त्याचा भाव सासूबाईंना सांगू नका. एक काळजी घ्या, डबा मिनीबारमध्ये ठेवायचा तर आधी रिसेप्शनला विचारा, काही ठिकाणी आतल्या बाटल्या सेन्सरवर असतात, बाटली सरकवली की बिलात चढते. फ्रीज रिकामा करून द्या म्हणालात तर हाउसकीपिंगवाला येऊन करून देतो. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून बाहेरच ठेवा, एसीत दगड होतात.