‘अज्ञात वाहनाने धडक दिली’ असं लिहू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या राजारामपुरीत अपार्टमेंटच्या गेटमधून रिव्हर्स घेताना गाडी खांबाला लागली. मागचा बंपर फाटला, डावा दिवा फुटला. गॅरेजवाल्यानं ९,००० सांगितले आणि वर सल्ला दिला, की क्लेम फॉर्मवर ‘गाडी उभी असताना अज्ञात वाहनाने धडक दिली’ असं लिहा, भानगड नको. तर लिहू का?

नका लिहू. आणि क्लेमही करू नका. पण त्याचं कारण वेगळं आहे, निव्वळ हिशेबाचं. ते नंतर सांगतो.

मी २२ वर्षं मोटार विम्याचे सर्व्हे केले. म्हणजे ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि ठोकणाऱ्यांचं साहित्य वाचायचं. फॉर्मवर ‘अपघात कसा झाला’ याला चार ओळींची जागा असते, त्या चार ओळींत आपल्या माणसांची प्रतिभा उतू जाते. या साहित्याचा एकच नियम: वाक्यात कर्ता नको. मराठीत तशी सोयच आहे. कप आपण फोडत नाही, तो फुटतो. तशी गाडी ‘लागते’, धडक ‘बसते’, खांब ‘मध्ये येतो’ आणि म्हैस ‘आडवी येते’. कागलच्या एका गड्यानं तर तोंडावर सांगितलं, “साहेब, मी सरळच चाललोतो. रस्ताच वळला न्हवं!”

म्हशीचं मला विशेष वाईट वाटतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर येणारी म्हैस बघा. वेळ ठरलेली, वाट ठरलेली. दिवाळीच्या पाडव्याला तर मालकाच्या मोटारसायकलमागं शिस्तीत पळते. अख्ख्या गावात पुढच्याला कट न मारणारी तेवढी एकच. आणि फॉर्मवर मात्र सगळे तिलाच आडवी घालतात.

‘मी धडकलो’ असं कर्त्यासकट लिहिलेला फॉर्म मला एकच आठवतो. शाहूवाडीकडच्या एका निवृत्त गुरुजींचा. ‘माझे लक्ष नव्हते. मोरीच्या कठड्यास धडकलो. कठड्याची चूक नाही.’ त्यांचा क्लेम सगळ्यात बिनबोभाट पास झाला.

मुद्दा हाच आहे. चूक आपली असली की कंपनी पैसे देत नाही, असं लोकांना वाटतं आणि म्हणून ते अज्ञात वाहन शोधून आणतात. अहो, आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो त्यातला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या चुकीलाही पैसे देतो. खांब चालत आला नाही हे कंपनीला ठाऊक असतं. क्लेम बुडतो तो ठोकल्यामुळे क्वचित, बहुतेकदा ठोकल्यानंतरच्या कादंबरीमुळे.

आणि ही कादंबरी पचत नाही. वाहनानं धडक दिली तर चेप बंपरच्या उंचीला बसतो आणि समोरच्याच्या गाडीचा रंग लागतो. तुमच्या बंपरवर उभी घासट आणि चिरेत सिमेंटचा गिलावा असेल, तर ते अज्ञात वाहन बहुधा बांधकाम खात्याचं होतं. एकदा एका घरी ‘गाडी वडील चालवत होते’ असं लिहून दिलेलं. वडील सहा फुटी, सीट मात्र स्टिअरिंगला चिकटलेली, आणि आतल्या खोलीत हात प्लास्टरमध्ये घालून बसलेलं सतरा वर्षांचं चिरंजीव. लायसन नसलेला चालवत असेल, चालवणारा प्यायलेला असेल, तर क्लेम गेलाच. खासगी गाडी वडापला, म्हणजे पैसे घेऊन माणसं भरून न्यायला, लावली असेल तरी गेला. ज्योतिबाच्या घाटात ठोकलेल्या एका गाडीत नऊ ‘पाहुणे’ होते, त्यातल्या एकालाही दुसऱ्याचं नाव सांगता येईना.

आता हिशेब. तुम्ही लिहिलंय की सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आहे आणि झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) घेतलेलं नाही. बंपर आणि दिव्याचे ६,००० धरा, रंग-मजुरीचे ३,०००. प्लास्टिकच्या पार्टवर घसारा ५० टक्के, म्हणजे ६,०००चे ३,००० झाले. रंगाच्या साहित्यावर थोडी कात्री, समजा ३७५. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीनं तुमच्या खिशातले. हातात पडणार ४,६००च्या आसपास.

जाणार किती? बोनसची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी असते आणि एक क्लेम केला की थेट जमिनीवर. तुमचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी ९,००० असेल (थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्याला बोनस नसतो), तर पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांऐवजी शून्य, म्हणजे ४,०५० गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५०ऐवजी २०, म्हणजे २,७००. तिसऱ्या वर्षी ५०ऐवजी २५, म्हणजे २,२५०. गाडीची किंमत उतरते तसे आकडे थोडे कमी होतील, पण ४,६०० घेऊन तुम्ही ९,००० द्यायला निघालाय. झिरो डेप असतं तर ८,००० मिळाले असते, तरीही मी नकोच म्हटलं असतं. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकून नवी घेतलीत तरी तो सोबत येतो. फक्त पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण करा, नाहीतर तो उडतो.

मोठं नुकसान असेल तर बिनधास्त क्लेम करा, पण शहाणपणानं. २०१९च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात गाड्या बुडाल्या. पुराचं नुकसान फुल इन्शुरन्समध्ये बसतं. तरी पाणी उतरल्यावर कितीतरी मालकांनी पहिलं काम काय केलं? किल्ली फिरवली. “बघूया तरी चालू होतीय का!” सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम. मग कंपनी म्हणते, सीट आणि वायरिंग पुरानं गेलं, त्याचे घ्या. इंजिन मात्र तुम्ही घालवलंत. इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर त्यावर वाद घालून उपयोग नसतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदीकाठच्या पेठेत राहणाऱ्यानं ३९चा आकडा ऐकला की गाडी उंचावर नेऊन लावावी. बुडालीच तर फोटो काढावा आणि किल्ली बायकोकडं द्यावी.

माणसाला लागलं असेल तर वरचं सगळं विसरा. आधी १०८ला फोन. आपल्याकडं गर्दी जमते, कुणीतरी पुढारपण घेतो आणि “मिटवून टाका, जाऊ दे” म्हणत पाचशेच्या दोन नोटा आणि एक चिठ्ठी करतो. ती चिठ्ठी काही कामाची नाही. जखमी माणूस पुढं भरपाईसाठी न्यायाधिकरणात जाऊ शकतो, आणि कंपनी तुम्हाला विचारते की आम्हाला कळवलं का नाही. पोलिसांत नोंद, कंपनीला फोन, दोन्ही लगेच. आणि तुम्ही नुसते वाटसरू असाल, तर जखमीला सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, नेल्यानं तुमच्यामागं काही लागत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम त्यासाठीच घातलंय.

उसाच्या हंगामात रात्री हायवे सोडून आत वळणार असाल तर एवढं बघा: पुढं गाणी ऐकू येतात पण दिवा दिसत नाही, म्हणजे ट्रॅक्टर आहे आणि त्यामागं दोन ट्रॉल्या आहेत. अशा वेळी अप्पर मारून ओव्हरटेक करू नका. रिफ्लेक्टर नव्हता हे तुम्ही फॉर्मवर लिहाल, खरंही असेल, पण लिहायला तुम्ही उरायला पाहिजे.

तुमच्या बंपरचं म्हणाल तर नवा घालायची घाई नको. उद्यमनगरात प्लास्टिक वेल्डिंग करणारे आहेत, फाटलेलं सांधून रंग मारून देतात. दिवा तेवढा नवा घ्या. आणि खांबाचा कोपरा उडाला असेल तर आजच सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन सांगा. नाहीतर तेही वहीत लिहितील, ‘अज्ञात वाहनाने धडक दिली’, आणि सीसीटीव्ही बघायला सगळ्या मजल्यांना बोलावतील.