जुनी होंडा सिटी घेताय? आधी एवढं बघा

२००७ ची सिटी झेडएक्स बघताय, छान. इंजिन दणकट आहे, टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचं झंझट नाही. नवखे लोक फसतात ते रंग आणि म्युझिक सिस्टिमला भुलून.

माझ्या मते सुरुवातीला एवढंच:

- सकाळी जा, बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच गाडी चालू करून ठेवलीय. थंड इंजिनच खरं बोलतं.
- सिटीच्या आय-डीएसआय इंजिनला (प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असलेलं) चार नाही, आठ स्पार्क प्लग असतात. मागचे चार हाताला सहज लागत नाहीत, म्हणून मेकॅनिक पुढचेच बदलतो. माझ्याकडे असंच झालं, दोन महिने गाडी झटके देत होती आणि मी पेट्रोल पंपाला शिव्या घालत होतो! बिलावर प्लगचा आकडा बघा, आठ हवेत.
- खराब रस्त्यावर काच खाली करून हळू चालवा. खडखड आली की सस्पेन्शनचे भाग झिजलेत: लोअर आर्मचे बुश (रबरी तुकडे) नाहीतर लिंक रॉड. घाबरू नका, भाव पाडा. गाडी बसकी आहे, खालून घासलीय का तेही वाकून बघा.
- कोकणातली असेल तर मॅट उचलून पत्र्याचा गंज तपासा.

आणि कागद! १५ वर्षं उलटलीत, तेव्हा आरसीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर) झालाय ना, हे टोकन देण्याआधी विचारा.

गिअरबॉक्स, कॉम्प्रेशन वगैरे नंतर बोलू. गाडी बघून आलात की कळवा.