सुझुकीने टू-स्ट्रोकचं तंत्र खरंच चोरलं होतं का?

हो. ते तंत्र पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीचं, वाल्टर काडेन या इंजिनिअरने घडवलेलं. खरी किमया मधे फुगीर, शेवटी निमुळत्या एक्झॉस्ट पाइपची: सिलिंडरमधून निसटलेलं इंधन-हवेचं ताजं मिश्रण परतणारी दाबाची लाट पुन्हा आत ढकलते. त्या जोरावर १९६१ साली १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर निघत होती, म्हणजे इंजिनाच्या लिटरभर क्षमतेमागे २००!

त्याच सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीनंतर एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळाला. बायको-मुलं गाडीच्या डिकीत लपून निसटली. काडेनच्या तंत्राची माहिती घेऊन डेग्नर सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटाचा विश्वविजेता झाला. काडेनच्या एमझेडला मात्र विश्वविजेतेपद कधीच मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.